आधी जिना मोजा

ठाण्याच्या नौपाड्यातली एखादी इमारत रिकामी व्हायला लागली की ती बातमी आधी फूटपाथवर येते. फाटकाशी छोटा हत्ती टेम्पो उभा राहतो, जिन्यातून हमालांचं "जरा उचल, जरा तिरकं कर" ऐकू येतं आणि रस्त्याकडेला सामानाचे दोन ढीग पडतात. एक टेम्पोत चढायचा, दुसरा भंगारवाल्याचा.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत असे दोन ढीग तीन दिवस शेजारी शेजारी होते. टेम्पोच्या ढिगात लोखंडी कपाट, सागाचं जुनं टेबल, घडीची खाट, एकात एक घातलेल्या चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक पत्र्याची ट्रंक. भंगाराच्या ढिगात बॉक्सचा पलंग, भिंतीवरून उचकटून काढलेलं टीव्ही युनिट, काचा निखळलेली शोकेस आणि जिन्यातून निघेना म्हणून दोन तुकडे केलेला सोफा. पैसे कोणत्या ढिगावर जास्त गेले होते, हे कुणालाही सांगता आलं असतं. दुसऱ्यावर.

लहान घरासाठी परवडणारं फर्निचर कोणतं, असं मला सतत विचारलं जातं. नवं लग्न झालेली मुलं विचारतात, भाड्याच्या घरात निघालेली माणसं विचारतात. माझं उत्तर त्या फूटपाथवर आहे. जे घरातून धड बाहेर निघतं, ते परवडतं. जे निघत नाही, ते कितीही सवलतीत मिळालं तरी महागात पडतं.

आपल्याकडे ही गोष्ट जास्तच खरी आहे. नौपाडा, विष्णुनगर, घंटाळी, भास्कर कॉलनी या भागात तीन-चार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या इमारती पुष्कळ आणि त्यांतल्या किती तरी तिशी उलटलेल्या. तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट आलं, ऑडिटमागून पुनर्विकासाची सभा आली. मग घर सोडायचं, भाड्याच्या घरात जायचं, अकरा महिन्यांचा करार, कधी दुसरं भाड्याचं घर आणि शेवटी नव्या इमारतीत परत. म्हणजे आज घेतलेल्या पलंगाला निदान दोन वेळा जिना उतरायचा आहे. दुकानात उभं राहून पलंग निवडताना ही गोष्ट कुणाच्या ध्यानात नसते.

पलंगाखालची जमीन

खोली दहा बाय दहा. शंभर चौरस फूट. सहा बाय साडेसहाचा किंग साइझ पलंग घेतला तर तो ३९ चौरस फूट खातो. पाच बाय साडेसहाचा क्वीन साडेबत्तीस. आपला जुना चार बाय सहाचा पलंग २४. एकेरी खाट १८.

हिशेब सोपा जावा म्हणून घराचा भाव चौरस फुटाला २०,००० रुपये धरू. किंग साइझ पलंग ७,८०,००० रुपयांच्या जमिनीवर उभा आहे. चार बाय सहाचा ४,८०,००० रुपयांच्या. दोहोंतला फरक तीन लाखांचा, आणि दुकानात आपण घासाघीस करतो ती दोन हजारांसाठी.

भाड्याने राहणाऱ्यांनी असाच हिशेब महिन्याचा करावा. भाडं चौरस फुटाला ४० रुपये पडत असेल तर मोठ्या पलंगाने अडवलेल्या जादा पंधरा फुटांचे महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये होतात. पलंगाच्या पावतीवर ही रक्कम कुणी लिहीत नाही. ती आपल्याला लिहावी लागते.

दार उघडेल का?

त्याच दहा फुटांच्या खोलीत पलंगाची साडेसहा फूट लांबी आणि समोर कपाटाची दोन फूट खोली. झाले साडेआठ. मध्ये उरला दीड फूट. चार फुटी कपाटाला दोन दारं, म्हणजे एकेक दार दोन फुटांचं. दीड फुटात दोन फुटांचं दार उघडत नाही.

हे गणित चौथीतल्या मुलाला येतं. तरीही घरोघरी मी अर्धवट उघडणारी कपाटं बघते. माणसं त्यात हात तिरका घालून साडी ओढतात आणि वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवतात. सरकत्या दारांचं कपाट घ्या किंवा पलंग आडवा टाका. पण हा निर्णय पैसे देण्याआधी घ्या.

त्यासाठी एक फुकटची युक्ती आहे. घरातली रद्दी काढा. घ्यायच्या वस्तूच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद चिकटपट्टीने जोडा आणि जमिनीवर अंथरा. दोन दिवस तसेच राहू द्या. रात्री पाण्याला उठताना, सकाळी मुलं दप्तर शोधताना, आई केर काढताना त्या कागदावर किती वेळा पाय पडतो ते बघा. जिथे कागद फाटतो, तिथे फर्निचर ठेवायचं नाही.

कार्पेटमधली भिंत

नवं घर घेणाऱ्यांसाठी एक सूचना. रेरा कायद्यातल्या कार्पेट एरियात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, पण घरातल्या दोन खोल्यांमधल्या भिंती धरतात. कागदावर ४०० चौरस फूट दिसले म्हणजे कपाट ठेवायला ४०० मिळाले, असं नाही. नकाशावर आकडा बघून फर्निचर मागवू नका. प्लास्टर झाल्यावर, लादी बसल्यावर, स्कर्टिंगसकट टेपने मोजा आणि मग बोला.

सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना तर टेप घेऊनच जा. घोडबंदर रोडवर एका ठिकाणी मी मुलांच्या खोलीतला पलंग मोजला. तो सहा फुटांहून चांगला वीतभर आखूड होता. कपाटाला खोलीच नव्हती, नुसती दारं. आतल्या खोल्यांना दरवाजेच बसवले नव्हते, कारण दरवाजा आला की त्याला उघडायला जागा लागते. तिथे काम करणाऱ्या मुलीला मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, हे फक्त आयडिया यावी म्हणून आहे." आयुष्याची पुंजी ओतणाऱ्या माणसाला खोटी आयडिया देणं ही फसवणूक आहे, आणि मला तिचा राग येतो.

जिना

आता शीर्षकाकडे. दुकानात जाण्याआधी चार मापं कागदावर हवीत. कठडा आणि भिंत यांच्यामधली जिन्याची रुंदी. वळणावरची जागा, दोन्ही बाजूंनी. घराच्या दाराची चौकट, सेफ्टी डोअर धरून. लिफ्ट असेल तर तिच्या आतली लांबी, रुंदी, उंची आणि दाराची रुंदी. सहा माणसांची लिफ्ट आतून साधारण १.१ मीटर बाय १ मीटर असते. किंग साइझची स्प्रिंगची गादी तिच्यात जात नाही, आणि ती वाकवली तर मोडते.

मग काय होतं, ते नौपाड्यात सगळ्यांनी पाहिलं आहे. हमाल मजल्यामागे पैसे वाढवून मागतो, आणि त्याचं चुकत नाही, कारण ओझं त्याच्या पाठीवर आहे. तरीही वळणावर वस्तू अडते. मग गॅलरीतून दोर सोडायचा, त्यासाठी ग्रिल कापायची, खाली रस्त्यावर माणसं थांबवायची, आणि संध्याकाळची वेळ असली तर गोखले रोडच्या बाजूला टेम्पो उभा करायला जागा नाही. नऊ हजारांच्या सोफ्यामागे हा सगळा खर्च आणि वर खाली उभ्या माणसाच्या जिवाला धोका.

तीन माणसांचा एक सोफा घेण्यापेक्षा तीन सुट्या खुर्च्या घ्या. एक माणूस एक खुर्ची घेऊन कोणताही जिना चढतो.

भुसा आणि जून महिना

स्वस्त फर्निचर बहुतेक पार्टिकल बोर्डचं असतं. लाकडाचा चुरा, चिकट रसायन आणि दाब. वर गुळगुळीत कागद किंवा लॅमिनेट. त्याहून बारीक तंतूंचं ते एमडीएफ. प्लायवूड वेगळं. त्यात लाकडाचे पातळ पापुद्रे एकाचे रेषे उभे, दुसऱ्याचे आडवे असे चिकटवलेले असतात, म्हणून ते स्क्रू धरून ठेवतं.

पार्टिकल बोर्ड वाईट असतं असं मी म्हणत नाही. कोरड्या खोलीत, भिंतीपासून बोटभर दूर, हलकी पुस्तकं आणि खेळणी ठेवायला ते चांगलं चालतं. पण ठाण्याचा पावसाळा चार महिन्यांचा. मी एका दुकानातून घेतलेला चपलांचा स्टँड गॅलरीत ठेवला होता. दुसऱ्या जूनमध्ये त्याची खालची कड पावासारखी फुगली, बिजागरीचे स्क्रू भुशातून निसटले आणि दार हातात आलं. फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही. त्याची दुरुस्ती नाही.

म्हणून पैसे कुठे घालायचे ते आधी ठरवा. सिंकखाली, बाथरूमच्या भिंतीला लागून, गॅलरीत स्टील किंवा चांगलं प्लाय, आणि तिथे काटकसर नको. दुकानदार प्रत्येक फळीला वॉटरप्रूफ म्हणतो. शब्द ऐकू नका, शिक्का वाचा. आयएसआयच्या खुणेबरोबर आयएस ३०३ असेल तर ते सर्वसाधारण वापराचं प्लाय, आयएस ७१० असेल तर मरीन. मिस्त्री काम करताना कापलेल्या तुकड्यावरचा शिक्का जपून ठेवायला सांगा.

चिखलवाडीत आणि आसपासच्या सखल भागात तळमजल्यावर राहणाऱ्यांना पाण्याविषयी मी काही शिकवायला नको. त्यांनी जमिनीला टेकणारी पेटी घेऊ नये. सहा इंच पाय असलेली, लोखंडी चौकटीची वस्तू घ्यावी. पाणी खालून जातं, केरसुणीही खालून जाते, आणि वाळवी लागली तर ती वेळेवर दिसते.

दहा स्क्रू

१८५९ साली थोनेट या कारखान्याने १४ नंबरची खुर्ची काढली. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटी केली की अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. खोकं बोटीवर चढायचं आणि खुर्ची पोहोचेल तिथे जोडली जायची. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलात ज्या काळ्या, गोल पाठीच्या खुर्च्यांवर आपण चहा प्यायलो, त्या याच घराण्यातल्या.

मला या खुर्चीचं मोल तिच्या देखणेपणाहून तिच्या स्क्रूंमध्ये वाटतं. एक पाय हलला तर तेवढाच स्क्रू आवळायचा. एक तुकडा मोडला तर तेवढाच बदलायचा. घर बदललं तर खुर्ची सुटी होते आणि पुन्हा उभी राहते.

खिळा आणि फेविकॉल यांनी जोडलेली वस्तू मात्र त्या भिंतीपुरती, त्या घरापुरती असते. मिस्त्रीकडून कपाट करून घेताना त्याला सरळ सांगा: एकसंध सहा फुटी कपाट नको, दोन-दोन फुटांचे तीन खण कर, ते एकमेकांना बोल्टने जोड, भिंतीला खिळा नको, स्क्रू आणि गुटका. तो म्हणेल मजुरी वाढेल. वाढू द्या. ठाण्यातले मिस्त्री अजून इंच आणि सुतात मोजतात, त्यांच्या हाताला एका सुताचाही फरक कळतो. असा कारागीर सुटं होणारं काम उत्तम करतो. आपण त्याला ते सांगत नाही, एवढंच.

खोक्यातून येणाऱ्या तयार फर्निचरबद्दल एक सावधगिरी. पार्टिकल बोर्डमधले फिरवून बसवायचे लॉक एकदा जोडायला छान असतात. खोलून पुन्हा बसवले की भोक सैल होतं. ज्यांना वर्षा-दोन वर्षांत घर बदलायचं आहे त्यांनी धातूच्या चौकटीची किंवा भरीव लाकडाची वस्तू बघावी.

तीन बाजार

आपल्या पट्ट्याचं भाग्य असं, की तीन तऱ्हेचे बाजार हाताशी आहेत.

पहिला उल्हासनगरचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवलं गेलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी सी. राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरदार मागे टाकून आलेल्या लोकांनी कॅम्पात जे धंदे उभे केले, त्यांत फर्निचरचा धंदा मोठा झाला. आजही ठाणे-डोंबिवलीत संसार मांडणारी मंडळी कर्जत लोकल पकडून तिथे जातात. तिथे फायदा हा, की मापाप्रमाणे करून मिळतं. साडेचारऐवजी चार फूट, बॉक्सऐवजी पाय, असं सांगता येतं. पण आतलं लाकूड कोणतं, हे पॉलिशखाली दिसत नाही. ड्रॉवर बाहेर काढा, त्याची मागची बाजू बघा, पलंगाची फळी उलटी करा. जो दुकानदार उलटी करू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

दुसरा तुर्भ्याचा. आयकियाचं नवी मुंबईतलं दुकान १८ डिसेंबर २०२० ला उघडलं, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ते अर्ध्या तासाच्या आत आहे. काही न घेताही एकदा जाण्यासारखं, कारण तिथे लहान खोल्या सामानासह मांडून दाखवल्या आहेत आणि प्रत्येक वस्तूवर माप आणि ती कशाची बनली आहे ते लिहिलेलं असतं. मापं टिपून घ्या. आपल्याकडच्या प्रत्येक दुकानदाराने चिठ्ठीवर एवढं लिहावं, ही मागणी आपण गिऱ्हाईक म्हणून करायला हवी.

तिसरा बाजार फोनमधला. त्यातल्या पुष्कळशा वस्तू भिवंडीच्या गोदामांतूनच येतात. चित्रात पलंगाशेजारी रिकामी पांढरी खोली असते, तिचं माप लिहिलेलं नसतं. चित्र सोडा, मापांचा तक्ता उघडा. जोडणी कोण करणार, माल चौथ्या मजल्यावर आणून देणार की फाटकाशी, परत न्यायचा झाल्यास खोलून कोण देणार, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय पैसे भरू नका.

हप्ता

"नो कॉस्ट ईएमआय" या शब्दांवर मी नवीन संसाराचा पहिला पगार जाताना पाहिला आहे. शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट नसते, आणि रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच अशा शून्य टक्के योजनांना हरकत घेतली होती. आज होतं असं: ३०,००० रुपयांची वस्तू रोखीने घेणाऱ्याला समजा २७,५०० ला मिळते. हप्त्याने घेणाऱ्याची ती सवलत जाते, तेच व्याज. शिवाय प्रोसेसिंग फी, आणि क्रेडिट कार्ड असेल तर व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी.

म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा, "आत्ता सगळे पैसे दिले तर किती?" दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे हप्त्याची किंमत. ती द्यावीशी वाटली तर जाणून द्या. पण पलंग तीन महिने लांबणीवर टाकून जमिनीवर गादी घालून झोपण्यात कसलाही कमीपणा नाही. आपल्या आजी-आजोबांची अख्खी पिढी तशी झोपली.

पावती

"पक्की पावती हवी असेल तर जीएसटी लागेल" हे वाक्य ऐकलं की थांबा. लाकडी फर्निचरवर १८ टक्के कर आहे, तो सामान्य माणसाला जड आहे, हे मलाही मान्य. सप्टेंबर २०२५ पासून बांबू आणि वेताच्या फर्निचरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कुडाळची कोनबॅक ही संस्था कोकणातल्या बांबूपासून फर्निचर बनवते. हलकं, उचलायला सोपं आणि आपल्या मातीतलं हे सामान ठाण्याच्या दुकानांत सहज दिसायला हवं. लहान घराचा पलंग आणि कपाट ही चैन नाही, त्यावरचा करही उतरला पाहिजे.

तोवर कर वाचवायला पावती सोडणं आपल्याच अंगाशी येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हीदेखील. पावतीवर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापून सदोष पलंगाची जबाबदारी झटकता येत नाही. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही, आणि दोन वर्षांपर्यंत दाद मागता येते. पण यासाठी हातात कागद हवा. त्या कागदावर नुसतं "पलंग १ नग" असं नको. माप, प्लायचा प्रकार, वॉरंटी, सगळं लिहून घ्या.

जुनं घ्या, बघून घ्या

पुनर्विकासात निघालेल्या इमारतींतून उत्तम सामान कवडीमोलाने जातं. ज्यांना घरात मावत नाही ते देतात, ज्यांना हवं ते दुकानातला भुसा घेतात. दोघांची गाठ पडली पाहिजे. माझी प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरींना विनंती आहे, इमारत रिकामी होण्याआधी महिनाभर नोटिस बोर्डावर वस्तूंची यादी लावा. शेजारच्या सोसायटीतही लावा. जे नवं घर मांडतायत ते येऊन घेऊन जातील.

जुनं घेताना लोखंडी कपाटाचा तळ बघा, गंज तिथून चढतो. किल्ली दोनदा फिरवा. लाकूड टिचकीने वाजवा, पोकळ आवाज आला किंवा खाली बारीक पीठ दिसलं तर नको. गोदरेजची लोखंडी कपाटं १९२३ पासून बनतायत आणि नौपाड्यातल्या कित्येक घरांत आजेसासूच्या लग्नातलं कपाट अजून रोज उघडतं. नवा रंग आणि नवं कुलूप लावलं की ते आणखी एक पिढी काढतं. नवार पुन्हा विणता येते, सागाला पॉलिश होतं, खुर्चीला नवा वेत भरता येतो. ही कामं करणारी माणसं आज कमी होत चालली आहेत, कारण आपण त्यांना हाक मारणं सोडलं.

रिकामी जागा

आमच्या आजोळी, चाळीतल्या दोन खोल्यांत, नऊ माणसं राहायची. फर्निचर म्हणजे एक घडवंची, तिच्यावर दिवसभर वळकट्या, भिंतीत फडताळ, वर फळी, दाराशी खुंट्या. जेवायला पाट यायचे आणि जेवण झालं की भिंतीला उभे राहायचे. त्याच जमिनीवर सकाळी अभ्यास, दुपारी पापड, संध्याकाळी पाहुणे आणि रात्री अंथरूण. मी त्या गरिबीचे गोडवे गात नाही. बायकांचे गुडघे त्या जमिनीने झिजवले, म्हाताऱ्यांना उंच पलंग हवाच, मुलाला अभ्यासाला टेबल हवंच. पण त्या घराला एक गोष्ट ठाऊक होती. जमीन मोकळी ठेवली की एका खोलीच्या चार खोल्या होतात.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा लेख लिहिला.

चार वर्षांपूर्वी एका रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. रुग्णवाहिका दहा मिनिटांत आली. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडलं, ते वर येईना. घरात, आतल्या खोलीपासून दारापर्यंतच्या बोळात, आमची शोकेस होती. बाबांच्या निवृत्तीच्या पैशातून केलेली, आत कपबशा आणि ट्रॉफ्या. तिच्यामुळे दोन माणसं शेजारी शेजारी जाऊ शकत नव्हती. शेवटी स्वयंपाकघरातली प्लॅस्टिकची खुर्ची आणली, बाबांना तिच्यावर बसवलं, शेजारच्या दोन मुलांनी ती पुढून-मागून उचलली आणि आडवं होत होत, शोकेसला घासत, खाली नेली. दीडदोनशे रुपयांची खुर्ची.

बाबा आठ दिवसांनी घरी आले. जिना चढून आल्यावर बोळाच्या तोंडाशी थांबले, शोकेसवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही काढ." मिस्त्री आला. शोकेस निघेना, कारण ती चारही बाजूंनी खिळ्यांनी भिंतीला ठोकलेली होती. शेवटी तोडून काढावी लागली.

तिच्या जागी भिंतीवर अजून खिळ्यांची भोकं आहेत. खाली दीड फूट रुंद, पाच फूट लांब मोकळी लादी. शेजारपाजारचे विचारतात, इथे काहीतरी छान बसेल की, रिकामं का ठेवलंय. बाबा रोज सकाळी काठी न घेता तिथून चालत दारापर्यंत जातात आणि वर्तमानपत्र उचलतात.